नेसायचे तलम, शिवायचे तलम

‘तलम’ हा शब्द कापडाच्या दुकानातून हळूहळू हद्दपार होत चालला आहे. काउंटरवर जे जे पातळ, झुळझुळीत आणि आरपार दिसणारे असेल, त्या सर्वाला सरसकट ‘जॉर्जेट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. गिऱ्हाइकाने फारच चिकित्सा केली, तर ‘प्युअर जॉर्जेट’, ‘सेमी-प्युअर’ आणि ‘फॉक्स जॉर्जेट’ अशी प्रतवारी ऐकायला मिळते. (यातल्या ‘फॉक्स’चा कोल्ह्याशी काही संबंध नाही. नकली या अर्थाच्या ‘फो’ या फ्रेंच शब्दाचे आपल्या बाजाराने केलेले ते रूप आहे.) शिफॉन, व्हॉइल, ऑर्गंझा, ऑर्गंडी, मलमल ही नावे ठाणांच्या चिठ्ठ्यांवर असतात, नाही असे नाही. पण त्यांच्यात फरक काय, असे विचारले की ‘सेमच आहे ताई, फक्त लुक वेगळा’ असे उत्तर येते. प्रत्यक्षात लुक पुष्कळदा सारखाच असतो. वेगळे असते ते बाकी सगळे, आणि ते कळते ड्रेस शिवून, घालून, दोनदा धुतल्यावर.

दादरचे हिंदमाता असो, मुंबईचे मंगलदास मार्केट असो की पुण्याचा लक्ष्मी रोड, विक्रेत्यांची एक लकब सगळीकडे सारखी. ठाण उचलायचे, मनगटाला हलका झटका द्यायचा, दोन-तीन मीटर कापड हवेत उडवायचे आणि ते समोरच्या मुलीच्या खांद्यावर अलगद पडू द्यायचे. आरशात ती स्वतःकडे पाहते, आई मान डोलावते, कात्री चालते. त्या क्षणी ते कापड तिच्या अंगावर पडलेले असते ते नेसल्यासारखे. शिवल्यासारखे नव्हे. आणि तिथेच सगळी गल्लत होते.

नेसलेल्या कापडाचे आणि शिवलेल्या कापडाचे गणित निराळे असते. साडी खांद्यावरून सुटते, कमरेला खोचली जाते, आणि तिचा सारा भार पाच-साडेपाच मीटरभर वाटला जातो. वाकले, बसले, हात वर केला, तर साडी सरकते. सरकायला तिला मुभा असते. ड्रेसला ती नसते. खांदा, मुंढा, पाठ, कूस अशा ठिकाणी दोन तुकडे एका टाक्याच्या रांगेने एकमेकांना बांधलेले असतात, आणि अंगाची प्रत्येक हालचाल त्या रांगेला ओढ देते. आता तलम कापड आरपार का दिसते? त्यात धागे बारीक असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा जास्त असते म्हणून. म्हणजे टाक्याने धरून ठेवावे असे धागेच त्यात मोजके. टाका तुटत नाही, कापडही फाटत नाही. पण शिवणीच्या कडेचे धागे बाजूला सरकतात आणि तिथे शिडीसारखी फट पडते. ‘शिवण सुटली’ असे म्हणत आपण शिंप्याला दोष देतो. शिवण मात्र जागच्या जागी शाबूत असते.

ओळखीतल्या एका मुलीच्या साखरपुड्यातला प्रसंग सांगते. ऑर्गंझाचा, अंगाबरोबर बसणारा, मोठ्या हौसेने शिवून घेतलेला ड्रेस. फोटोंमध्ये अप्रतिम दिसत होता. नंतर वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार सुरू झाले. आपल्याकडच्या समारंभात नवऱ्या मुलीला एका संध्याकाळी किती वेळा वाकावे लागते याचा हिशेब पॅरिसच्या कुठल्या शिवणकाराने केला असण्याची शक्यता नाही. दहा-बाराव्या नमस्काराला पाठीच्या मध्यशिवणीशी बोटभर फट पडली. तिची आत्या मागे उभी होती. तिने पटकन स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि कानात म्हणाली, ‘काही बोलू नकोस, आता नुसती हात जोड.’ उरलेली संध्याकाळ, मे महिन्यात, ती मुलगी शाल पांघरून हसत उभी होती. कापड महागाचे होते, शिंपी नावाजलेला होता. निवड तेवढी चुकली होती, कारण ती करताना कोणाच्या डोळ्यांसमोर वाकलेली पाठ नव्हती.

आपल्या जुन्या पिढीतल्या बायकांना हे कळत होते, असे मला वाटते. कोणी ते शब्दांत मांडले नसेल एवढेच. साडी शिफॉनची किंवा जॉर्जेटची, पण तिच्यावरचे पोलके कशाचे? तर ‘टू बाय टू’ रुबियाचे. टू बाय टू म्हणजे उभा धागाही दुहेरी पिळाचा आणि आडवाही. मॅचिंग सेंटरमध्ये शंभर छटांतून रंग जुळवताना आपण तो शब्द मंत्रासारखा उच्चारत आलो, पण त्यातली मेख ही, की अंगाला घट्ट बसणारे आणि काखेत ताण सोसणारे जे वस्त्र, त्याला दुहेरी सूत हवे. झुळझुळीत ते नेसायला, चिवट ते शिवायला.

शिफॉनचा आपल्याकडचा इतिहासही नेसण्याचाच आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे १९१३ मध्ये लग्न होऊन कूचबिहारला गेल्या आणि १९२२ मध्ये विधवा झाल्या. फ्रान्समधून साडीच्या लांबी-रुंदीचे शिफॉन विणून आणवण्याचे आणि भारतात शिफॉनच्या साडीची चाल पाडण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे त्यांच्या कन्या, जयपूरच्या गायत्रीदेवी, यांनी ती साडी देशभर डोळ्यांत भरवली. १९८९ च्या ‘चांदनी’ने तीच हौस मध्यमवर्गीय घरांत आणली, तेव्हाही ती साडीचीच हौस होती. बर्फात वाऱ्यावर उडणारा पदर म्हणजे शिफॉनचा खरा स्वभाव. त्याला मुंढा-कूस-टक्स यांत कोंबण्याची कल्पना पुष्कळ नंतरची.

मग तलम कापड कोणी शिवलेच नाही की काय? शिवले, भरपूर शिवले. पण कसे ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडचा मलमलीचा अंगरखा घ्या. ढिला, घोळदार, बंदांनी बांधायचा. ताण आला तर बंद सैल होतो, कापडाला कळतही नाही. (अंगठीतून आरपार जाणाऱ्या ढाक्याच्या मलमलीची गोष्ट वाचकांनी शाळेपासून ऐकलेली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही.) तिकडे फ्रान्समध्ये १७८३ साली व्हिजे-लब्रून या चित्रकर्तीने राणी मारी आंत्वानेत हिचे पांढऱ्या मलमलीच्या झग्यातले चित्र प्रदर्शनात लावले, तेव्हा राणीला अंतर्वस्त्रांत दाखवली म्हणून एवढा गहजब झाला, की ते उतरवून रेशमी पोशाखातले दुसरे चित्र लावावे लागले. त्या वादात एक गोष्ट नजरेआड होते. तो झगा शिवलेला कसा आहे? गळ्याशी चुण्या, बाहीला चुण्या, कमरेला पट्टा. अंगाच्या मापाने कापून घट्ट बसवलेले जवळजवळ काहीच नाही. पुढे मलमलीच्या झग्यांची लाट इंग्लंडभर पसरली, तेव्हाही कंबर छातीखाली आणि तिथून खाली नुसता घोळ. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरीत नायक नायिकेच्या मलमलीच्या झग्याकडे पाहून तो धुण्यात टिकेल का याची शंका काढतो, ते वाचून मला फार बरे वाटले होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका तरुणालाही पुढचा प्रश्न सुचला होता.

तेव्हा तलम कापड ड्रेससाठी निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता रंग’ हा नाही, ‘किती दिसते’ हाही नाही. ड्रेस अंगाला कुठे धरणार आहे, हा आहे. आणि त्याची परीक्षा दुकानातच, दोन अंगठ्यांनी करता येते. कापडाचा एक पदर दोन्ही हातांच्या चिमटीत धरावा, अंगठे एकमेकांशेजारी टेकवावेत आणि जरा जोर देऊन ते एकमेकांपासून दूर ओढावेत. मग ते कापड उजेडासमोर धरावे. धागे जागचे हलले नसतील तर उत्तम. थोडे हलून, कापड झटकल्यावर पुन्हा जागी आले तर घोळदार ड्रेसला चालेल. अंगठ्याच्या जागी विरळ खिडकी उघडून ती तशीच राहिली, तर ते कापड ओढणीला घ्यावे, पदराला घ्यावे, पडद्याला घ्यावे. ड्रेसला घेऊ नये. विक्रेता जरा नाराज होतो. होऊ द्यावा.

या परीक्षेत पहिल्या नंबराने उतरते ते सुती व्हॉइल. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर घ्यायची जाळीदार ओढणी. लांब तंतूचा कापूस विंचरून त्याचे बारीक सूत काढतात, त्याला कडक पीळ देतात आणि वरची लव जाळून टाकतात. म्हणून व्हॉइल स्वच्छ आरपार दिसते आणि बोटांना किंचित करकरीत लागते. कडक पिळामुळे धागा बारीक असूनही मजबूत. आणि शेवटी ते सूतच असल्याने धागे एकमेकांना धरून राहतात, रेशमासारखे घसरत नाहीत. ‘फुल व्हॉइल’मध्ये उभे-आडवे दोन्ही धागे दुहेरी असतात. एके काळी मुंबईच्या गिरण्यांचे व्हॉइल घराघरांत होते. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून मिटल्या, आणि गिरणीच्या नावावर डोळे मिटून कापड घ्यावे ही सोयही गेली. आता यंत्रमागाचे व्हॉइल मिळते, त्यात चांगलेही असते आणि खळ लावून भारदस्त केलेलेही. कोपरा चोळून पाहावा. पांढरी भुकटी झडली आणि कापड एकदम मरगळले, तर आपण सुताऐवजी खळ विकत घेत आहोत असे समजावे.

मलमल ही व्हॉइलची मवाळ बहीण. तिच्या सुताला पीळ कमी, धागा एकेरी, त्यामुळे स्पर्श लोण्यासारखा. धुण्यागणिक ती मऊ होत जाते, उन्हाळ्यात तिच्यासारखे सुख नाही, बाळंतविड्यातली झबली-टोपडी मलमलीची का असतात हे सांगायला नको. पण ताण तिला सोसत नाही, आणि पहिल्या धुण्यात ती चांगलीच आटते. म्हणून मलमल घेतली की आधी रात्रभर पाण्यात भिजत घालावी, वाळवावी, साबुदाण्याची अगदी पातळ खळ देऊन इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. खळीमुळे ती टेबलावर शहाण्यासारखी पडून राहते. ड्रेस झाला की धुवावा, खळ निघून जाते. मलमलीला टक्स घालू नयेत, चुण्या घालाव्यात. योक ठेवावा, त्याला अस्तर लावावे आणि खाली सढळ घेर सोडावा. चुण्यांचा दुसरा फायदा पुष्कळजणींच्या लक्षात येत नाही. मापाच्या दुप्पट कापड चुण्यांत धरले, की कापड स्वतःवरच दुमडत जाते आणि एकाच्या जागी सरासरी दोन पदर होतात. शिवणीवरचा ताण उतरतो आणि आरपार दिसणेही निम्म्यावर येते.

कोकणच्या आणि मुंबईच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी तर या दोन सुती कापडांकडे आधी पाहावे. कापूस हवेतून स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिएस्टरला अर्धा टक्काही धरता येत नाही. पॉलिएस्टर पातळ आहे म्हणून गार असेल, हा समज घामाची पहिली धार पाठीवरून वाहीपर्यंत टिकतो.

आता नेहमीचा पेच : जॉर्जेट की शिफॉन? दोन्ही एकाच घराण्यातली. दोहोंचे धागे कडक पिळाचे, आणि काही उजवीकडे तर काही डावीकडे पिळलेले. विणून झाल्यावर हे पीळ उलगडू पाहतात, एकमेकांना अडवतात, आणि त्या ओढाताणीतून कापडाला बारीक रवाळ पोत येतो. जॉर्जेटचा धागा जाड, त्यामुळे रवाळपणा जास्त, आणि धागे एकमेकांत जास्त अडकलेले. हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जॉर्जेट द ला प्लांत या फ्रेंच शिवणकारणीवरून पडले. कापडाला शिवणाऱ्या बाईचे नाव मिळाले, हे उचितच झाले, कारण या घराण्यातले शिवायला घ्यावे असे कापड तेच. शिफॉनचा धागा बारीक, पोत नितळ आणि वजन नगण्य. रेशमाचे वजन ‘मोमे’ या जपानी मापात सांगतात. ८ मोमेचे शिफॉन म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ३५ ग्रॅम. वाचकांच्या हातातल्या वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जड असतो. रेशमी जॉर्जेट साधारण ८ ते १२ मोमेच्या दरम्यान असते. तीन-चार मोमेचा हा फरक काउंटरवर बोटांना जाणवत नाही; मुंढ्याच्या शिवणीला जाणवतो.

लोकलच्या डब्यात वरची कडी धरून तास-तास उभ्या राहणाऱ्या मुलीने शिफॉनचा बेतशीर बाह्यांचा ड्रेस शिवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जॉर्जेटचा शिवावा. शिफॉनची हौसच असेल तर ओढणी करावी, किंवा आत साध्या कापडाचा बिनबाह्यांचा ड्रेस आणि वर शिफॉनचा मोकळा थर सोडावा, जो फक्त खांद्याशी आणि गळ्याशी धरलेला आहे. म्हणजे शिवलेले असूनही ते नेसल्यासारखेच राहील.

पण हे सगळे रेशमाचे झाले. बाजारात जॉर्जेट म्हणून जे मिळते ते बहुतांशी सुरतेचे पॉलिएस्टर असते. ते स्वस्त, न चुरगळणारे, न आटणारे, रंग न सोडणारे आहे. रोजच्या धबडग्यात हे गुण थोडे नाहीत आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त रेशमाचे पैसे देऊन ते घरी येऊ नये. शंका आली तर कडेचा एक धागा घरी, मोरीपाशी, चिमट्यात धरून जाळून पाहावा. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक काळी गोळी होते. रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि त्याची राख बोटांत चुरते. कागद जळल्यासारखा वास आला आणि हलकी राख राहिली, तर ते व्हिस्कोज असण्याचा संभव जास्त. रंगवून घेण्यासाठी जे पांढरे जॉर्जेट घेतात, त्यात हा प्रकार पुष्कळ. व्हिस्कोजचा पडदा सुरेख असतो, पण ओले असताना ते दुबळे होते आणि आटते तर दणकून. ते रंगवून, वाळवून झाल्यावरच मापाला घ्यावे.

ऑर्गंझा आणि ऑर्गंडी या दोघींचा स्वभाव उलटा. त्या पडत नाहीत, उभ्या राहतात. ऑर्गंडी सुती. तिचा कडकपणा खळीचा नसतो. बारीक सुती कापड काही सेकंद तीव्र गंधकाम्लातून काढून लगेच धुतले की सुताचा पृष्ठभाग बदलतो आणि पारदर्शक, ताठ होतो. ही क्रिया विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यांनी नावारूपाला आणली. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांपैकी कितीतरी जणींनी लहानपणी ऑर्गंडीचे फुगा बाह्यांचे फ्रॉक घातले असतील, आणि मानेला टोचणारा तो गळाही त्यांना आठवत असेल. रेशमी ऑर्गंझाचा कडकपणा वेगळ्या कारणाने येतो. रेशमावरचा नैसर्गिक डिंक धुऊन न काढता ते विणतात. आणि हल्ली गल्लोगल्ली मिळणारा ऑर्गंझा पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा. त्याचा धागा म्हणजे एकसंध गुळगुळीत तार. गुळगुळीत तारेवरून गुळगुळीत तार घसरणारच. अंगठ्यांच्या परीक्षेत हा ऑर्गंझा बहुधा नापास होतो, हे मी इतक्या दुकानांत पाहिले आहे की त्याच्या मोहात पडणाऱ्या मुलींना आधी बाही करून पाहा, असेच सांगते. फुगीर बाही, घेरदार स्कर्टचा वरचा थर, गळ्याभोवतीची झालर, इथे त्याला तोड नाही. अंगाशी घट्ट चोळी आणि पाठ मात्र त्याची करू नये.

चंदेरी आणि कोटा यांच्याविषयी थोडक्यात. चंदेरीत बहुधा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुती असतो. उभ्या शिवणीशी ओढ आली, की गुळगुळीत रेशमी धागे आडव्या सुतावरून बाजूला सरकतात. म्हणून चंदेरीचा कुडता सरळ, ढिला आणि कुशीला लांब चिरा ठेवून शिवतात, ते उगीच नाही. कोटा डोरिया तर चौकटी-चौकटींची जाळीच. सबंध अस्तराशिवाय त्याचा ड्रेस करण्याच्या फंदात पडू नये.

अस्तराचा विषय निघालाच आहे, तर त्यावर जरा थांबते, कारण तलम कापडाच्या ड्रेसमध्ये निम्मा ड्रेस अस्तराचाच असतो. आपण अस्तर लावतो ते दिसू नये म्हणून. त्याचे मोठे काम ताण घेण्याचे आहे. कसबी कारागीर अस्तर अंगाबरोबर बेततात आणि वरचे कापड त्याहून बोटभर सैल ठेवतात. वाकले की ओढ अस्तराला बसते, वरचे कापड नुसते साथीला जाते. किंवा अस्तर आणि वरचे कापड यांचे तुकडे आधी धावदोऱ्याने एकमेकांवर बसवतात आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवतात. साखरपुड्याच्या त्या ड्रेसची पाठ अशी केली असती तर शालीची वेळ आली नसती.

अस्तर कशाचे, यातही गफलत होते. पॉलिएस्टर जॉर्जेटखाली न भिजवलेले सुती अस्तर लावले, की पहिल्या धुण्यात अस्तर आटते, जॉर्जेट आटत नाही, आणि ड्रेस खालून फुग्यासारखा गोळा होतो. सुती अस्तर हवेच असेल, आणि उन्हाळ्यात ते हवेच, तर ते आधी भिजवून घ्यावे. नाही तर क्रेप किंवा सॅन्टून वापरावे. रंगाचे म्हणाल, तर पांढऱ्या तलम कापडाखाली पांढरे अस्तर लावण्याची सवय जुनी आहे, पण त्याची कडा वरून स्पष्ट दिसते. अंगाच्या रंगाशी मिळते अस्तर जवळजवळ अदृश्य होते. किती दाखवायचे आणि किती झाकायचे हे ठरवण्याचा हक्क घालणारीचा आहे, तिच्या मामे-चुलत नातेवाइकांचा नाही. पण ठरवताना तिला खरे काय ते दिसायला हवे, आणि दुकानातल्या ट्रायल रूममध्ये ते दिसत नाही. तिथे उजेड समोरून पडतो. घराच्या दारात, पाठीशी ऊन घेऊन, आईला किंवा मैत्रिणीला समोर उभी करून पाहावे. समोरच्या दिव्यात जे कापड सोज्ज्वळ दिसले, तेच पाठच्या उन्हात पायांची आकृती काढते.

उजेडावरून विस्तवाची गोष्ट आली. तलम कापडाला चहूबाजूंनी हवा लागलेली असते, म्हणून ते भराभर पेटते. मलमल कागदासारखी जळते. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळतात आणि वितळलेले कातडीला चिकटते, ही अधिक वाईट गोष्ट. रेशीम त्या मानाने सावकाश जळते. समईपाशी वाकणाऱ्या, औक्षणाचे तबक धरणाऱ्या, गॅसपाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या ड्रेसला लोंबणाऱ्या ऑर्गंझाच्या बाह्या असू नयेत. लहान मुलींना दिवाळीला नायलॉनच्या जाळीचे परीचे फ्रॉक घालून त्यांच्या हातात फुलबाजी देणारे पालक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

शिंपी मास्तर तलम कापड पाहून नाक का मुरडतात, तेही समजून घ्यायला हवे. शिफॉन कापताना टेबलावरून घरंगळते. त्याखाली जुनी सुती चादर अंथरावी लागते, एकेक पदर वेगळा कापावा लागतो. मशीनला बारा महिने चढवलेली चौदा-सोळा नंबरची सुई काढून नऊ किंवा अकरा नंबरची घालावी लागते. शिवणीच्या सुरुवातीला मशीन कापड खाते, म्हणून खाली पातळ कागदाची पट्टी धरून शिवायचे आणि मग ती फाडून काढायची. (पट्टी वर्तमानपत्राची घेऊ नये, शाई उमटते. वर्तमानपत्रातच हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरे ते खरे.) आणि शिवण बंद हवी : सुलट बाजू बाहेर ठेवून एकदा बारीक शिवायचे, कडा छाटायच्या, मग तुकडे उलटवून त्या कडा आत कोंडून दुसऱ्यांदा शिवायचे. म्हणजे प्रत्येक शिवण दोनदा. त्याऐवजी इंटरलॉक मारून दिले की काम पाच मिनिटांत होते, पण आरपार कापडातून ती जाड दोऱ्याची दोरखंडासारखी कड आयुष्यभर दिसत राहते. मास्तरांनी सुती ड्रेसच्या दीडपट-दुप्पट शिलाई मागितली तर कुरकुरू नये, बंद शिवण मागून घ्यावी. कापडावर हजार खर्चून शिलाईत शंभर वाचवणे हा आपल्या मध्यमवर्गाचा आवडता तोट्याचा व्यवहार आहे.

आणि शेवटच्या दुमडीची घाई करू नये. अंब्रेला घेराचा ड्रेस जॉर्जेटचा असो की व्हॉइलचा, त्याच्या घेराचा काही भाग सरळ धाग्यावर पडतो आणि काही उरेप. उरेप भाग स्वतःच्या वजनाने ताणला जातो, सरळ भाग जागचा हलत नाही. म्हणून खालची कड सोडून बाकी सगळा ड्रेस पुरा करावा, हँगरला लावून एक रात्र, जमल्यास दोन, खिडकीपासून दूर टांगून ठेवावा. सकाळी पाहावे तर कालपर्यंत गोल असलेला घेर चार ठिकाणी इंच-दीड इंच खाली आलेला असतो. मग ती मुलगी स्टुलावर उभी राहते, ज्या चपला त्या दिवशी घालायच्या त्याच पायात घालून. दुसरी कोणीतरी गुडघ्यावर बसते, तोंडात टाचण्या आणि हातात लाकडी फूटपट्टी घेऊन, स्टुलापासून सारखे अंतर मोजत घेराभोवती हळूहळू सरकते, आणि दर चार बोटांवर एक टाचणी लावत जाते.